तुम्ही विचारलंत म्हणून: "तिथले लोक तुला आपलं मानतात का?"

दर दिवाळीच्या फोनवर, दर वेळी सांगलीला आल्यावर, आणि हल्ली कोरियन मालिका बघून रात्र रात्र जागणाऱ्या भाच्यांकडून एकच प्रश्न येतो: "तिथले लोक तुला आपलं मानतात का गं?" दक्षिण कोरियात आल्यापासून अठरा वर्षं मी "हो गं, फार प्रेमळ आहेत" म्हणते आणि विषय भाजीच्या भावावर नेते. परवा आत्यानं वर जोडलं, "आणि सगळं फुकट देतात म्हणे तुम्हाला!" म्हणून आता एकदाच नीट सांगते. लग्न कसं जमलं, घरी कोण किती रडलं, मी तिथे काय काय खाते, हे तुम्हाला पाठ आहे. ते सोडते.

पहिली अडचण तुमच्याच शब्दात आहे. 'आपलं'. मराठीत 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर, 'आपण' म्हटलं की आत. कोरियनमध्ये दोन्हीला 'उरी'. (नम्रपणे बोलायचा एक वेगळा शब्द आहे, पण जेवताना घरात तो कोण काढतो?) 'माझा देश' कुणी म्हणत नाही, 'उरी नारा' म्हणतात. नवऱ्यालासुद्धा 'उरी नवरा', यावर मी पहिलं वर्षभर हसत होते. सासूबाई म्हणतात, "उरी घरात असं करत नाहीत." हे 'आपल्या' घरात, की 'आमच्या' घरात? मला अजून कळलेलं नाही. बहुधा त्यांनाही कधी ठरवावं लागलेलं नाही.

आम्ही राहतो गिमहे शहरात. इथे तर माझे लाडच व्हायला हवेत. इसवी सन 48 मध्ये आयुता नावाच्या देशातून जहाजानं आलेली राजकन्या हो ह्वांग-ओक इथल्या सुरो राजाची राणी झाली, अशी दंतकथा आहे. आयुता म्हणजे अयोध्या, असं पुष्कळ जण मानतात. तिची समाधी गावातच आहे, आणि गिमहे किम या कुळातले चाळीस लाखांहून अधिक लोक स्वतःला त्या जोडप्याचे वंशज म्हणवतात. माझा नवरा त्यांतलाच एक. टॅक्सीवाले खूश होऊन सांगतात, "आमची मूळ आजी तुमच्याकडची!" आणि पुढच्या सिग्नलला विचारतात, "मग, परत कधी जाणार?"

आता फुकटचं. 2008 मध्ये बहुसांस्कृतिक कुटुंबांना आधार देणारा कायदा झाला. त्याखालच्या केंद्रात मी खरंच फुकट कोरियन शिकले. शिकवणाऱ्या बाईंनी माझ्यावर जीव लावला, हे मी कधी नाकारणार नाही. 'बहुसांस्कृतिक'ला कोरियनमध्ये 'दामुनह्वा' म्हणतात. आधी अशा मुलांना 'मिश्र रक्ताची' म्हणायचे, त्यापेक्षा बरा म्हणून हा शब्द आला. पाळणाघरात अशा कुटुंबांच्या मुलांना प्राधान्य मिळतं. 2013 मध्ये मुलगी दोन वर्षांची होती, बाकीच्या आया प्रतीक्षायादीवर ताटकळत होत्या, आणि मी अर्जातल्या 'दामुनह्वा'च्या चौकटीत खूण करून आनंदानं घरी आले. सांगलीला फोनही केला होता. आठवतं ना?

2019. मुलगी दुसरीत. इथे वर्षातून एकदा पालकांना चालू वर्गात बसायला, म्हणजे मागच्या भिंतीला टेकून उभं राहायला बोलावतात. मी नवा कोट घातला होता. तास छान झाला. श्रुतलेखनाच्या वह्या वाटल्या, हिला शंभरपैकी शंभर. तिनं वही मला दिसेल अशी उंच धरली. मग बाई म्हणाल्या, "उद्यापासून शाळा सुटल्यावर कोरियन भाषेचा जादा तास आहे. दामुनह्वा मुलांनो, हात वर करा." दोन हात वर गेले. हिचा नाही. ती वहीवर नाव गिरवत होती. बाई तरुण होत्या, आवाज अगदी मऊ. "तू पण ना गं?" असं म्हणत त्यांनी मागे माझ्याकडे पाहिलं. सगळ्या आयांनी पाहिलं. मुलीनंही वळून पाहिलं.

मी मान हलवली. हो म्हणून. हसून.

तिनं हात वर केला. दुसऱ्या हातात ती शंभर मार्कांची वही होती.

घरी येताना तिनं एकच विचारलं, तेही कोरियनमध्ये: "आई, मला कोरियन येत नाही का?"

तुम्ही म्हणाल, बाईंचा हेतू वाईट नव्हता. नव्हताच! मीही वर्षभर हेच म्हणत होते. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन भांडायला हवं होतं, ते केलं नाही, कारण मला 'कटकट करणारी परदेशी आई' व्हायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला माझीच शाळा आठवली. कारकून रजिस्टर घेऊन यायचा, "शिष्यवृत्तीवाले उभे राहा" म्हणायचा, माझ्या बाकावरची मुलगी उठायची. मी बसलेली असायचे. ती ऑफिसातून परत आली की मी विचारायचे, "किती मिळाले?" मला वाटायचं, मी मैत्रिणीसारखं विचारतेय. तेव्हा आत्या, फुकट मिळण्याबद्दल मला तुम्ही नका सांगू, आणि मीही तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू?

शिवाय मी वरच्या पायरीवरची आहे. जोडप्यातला एक जण कोरियन असेल तरच तो कायदा लागू. दोघंही परके असतील तर मुलाला 'दामुनह्वा' हा कायदेशीर शिक्कासुद्धा नाही. गिमहेतल्याच दोंगसांग-दोंगच्या बाजारात रविवारी कारखान्यांतले नेपाळी, श्रीलंकन, व्हिएतनामी कामगार येतात. त्यांच्या परवान्यावर बायकोमुलं आणताच येत नाहीत. तिथे मला नेपाळी समजून एकेरीत हाक मारली गेली, की मी घाईघाईनं सांगते, "माझा नवरा इथला आहे." का सांगते? त्या कामगारांपासून लांब दिसावं म्हणूनच.

भेदभावविरोधी कायद्याचं विधेयक 2007 पासून येतं आणि बारगळतं. 2009 मध्ये बोनोजित हुसेन या भारतीय संशोधकाला बसमध्ये वंशावरून शिवीगाळ झाली, तेव्हा शिवी देणाऱ्याला दंड झाला तो अपमानाच्या कलमाखाली. पण हे सांगितलं की तुम्ही म्हणता, "मग ये ना परत." आणि मला राग येतो, कारण माझा महापौर मी मत देऊन निवडते (राष्ट्राध्यक्ष नाही), माझी लोणच्याची बरणी इथे आहे, आणि सांगलीत या वेळी रिक्षावाल्यानं विचारलं, "ताई, बाहेरून आलात का?"

मुलगी आता चौदाची. तिचं मराठी तुमच्याशी फोनवर बोलण्यापुरतं. काल स्वयंपाकघरात मला म्हणाली, "आम्ही रविवारी हाल्मोनीकडे जाणार." हाल्मोनी म्हणजे आजी. मी विचारलं, "आम्ही म्हणजे?" तिनं कानातले हेडफोन न काढता म्हटलं, "उरी."