अडीच सेंटिमीटर गाळ: लघुवितरिकेवर अल्ट्रासोनिक फ्लो मीटर बसविण्याचा माझा अनुभव

आमच्या पाणी वापर संस्थेचा सचिव म्हणून माझे बहुतेक काम नोंदवह्या, पाणीपट्टी आणि आवर्तनाचे, म्हणजे कालव्याचे पाणी पाळीने सोडण्याचे, वेळापत्रक यांच्याशी असते. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेली असल्यामुळे लघुवितरिकेच्या, म्हणजे कालव्यातून आमच्या शेतांकडे पाणी आणणाऱ्या छोट्या फाट्याच्या, मुखाशी बसविलेल्या अल्ट्रासोनिक फ्लो मीटरची जबाबदारीही माझ्याकडे आली. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापन करण्यासंबंधीच्या २००५ च्या कायद्याने संस्थेला पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून दिले जाते. त्यामुळे मुखाशी होणाऱ्या मोजणीवर वर्षभराचा कोटा, पाणीपट्टी आणि शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचणे हे सारे अवलंबून असते. हा मीटर योग्य स्थितीत आणण्यासाठी मला दोन महिने लागले. त्या काळात जे शिकलो ते अशाच मीटरशी गाठ पडणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडावे, म्हणून लिहीत आहे.

आमच्या लघुवितरिकेवर १ फूट कंठाचा पार्शल फ्ल्यूम, म्हणजे प्रवाह मोजण्यासाठीची मध्ये अरुंद होणारी नाली, काँक्रीटमध्ये बांधलेला आहे. राल्फ पार्शल या अमेरिकी अभियंत्याने १९२० च्या दशकात कोलोरॅडोत शेतीच्याच पाण्याच्या वाटपासाठी ही रचना विकसित केली. तिचे तत्त्व असे की प्रवाहाला अरुंद कंठातून नेऊन पुढे उतारावरून सोडले, की कंठाच्या आधीच्या पाण्याची उंची आणि प्रवाह यांचे नाते ठरून जाते आणि केवळ उंची मोजून प्रवाह सांगता येतो. १ फूट कंठासाठी मीटरमधील उंचीचा १.५२२ वा घात घेऊन त्याला ०.६९०९ ने गुणले, की सेकंदाला किती घनमीटर पाणी वाहते ते मिळते. फूट-क्युसेकच्या (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) जुन्या हिशेबात हेच फार सोपे होते: १ फूट कंठाच्या फ्ल्यूममध्ये १ फूट पाणी असले की प्रवाह ४ क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे ११३ लिटर. हा एक आकडा लक्षात ठेवल्याचा मला पुढे फार उपयोग झाला.

मार्च महिन्यात कालवा बंद असताना पुरवठादाराचा तंत्रज्ञ आला. त्याने फ्ल्यूमवर आडवा अँगल ठोकून सेन्सर बसविला, टेपने अंतर मोजले, कंट्रोलरमध्ये, म्हणजे मीटरच्या हिशेब करणाऱ्या पेटीत, आकडे भरले आणि तासाभरात सही घेऊन तो गेला. एप्रिलमध्ये उन्हाळी आवर्तन सुटले आणि पहिल्याच दिवशी तक्रारी सुरू झाल्या. संस्थेची मागणी ४ क्युसेकची असताना मीटर सकाळी साडेतीन आणि दुपारी जेमतेम ३.१ क्युसेक दाखवत होता. पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयाने पाणी कमी सोडले, असे सभासदांचे म्हणणे पडले आणि काहींनी अर्जही लिहून आणला. तो अर्ज पुढे पाठविण्याआधी मी फ्ल्यूमच्या भिंतीवरील गेजपट्टी पाहायला गेलो. पट्टीवर पाणी बरोबर १ फुटावर होते आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी त्यात फरक पडत नव्हता.

दोष मीटरमध्ये आहे हे पट्टीने सांगितले आणि तो एक नसून दोन आहेत हेही तिनेच सुचविले. सकाळी दिसणारी तूट कायमची होती, तर दुपारची वाढीव तूट उन्हाबरोबर येत होती व सूर्य कलला की जात होती. म्हणून दोन्ही कारणे वेगवेगळी शोधायची असे मी ठरवले.

येथे मीटर काय करतो ते थोडे सांगितले पाहिजे, कारण नावात फ्लो असला तरी हे यंत्र प्रवाह मोजतच नाही. सेन्सर खाली ध्वनिलहर सोडतो, पाण्यावरून तिचा प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ मोजतो आणि ध्वनीच्या वेगावरून अंतर काढतो. सेन्सरपासून कोरड्या तळापर्यंतचे जे अंतर आपण त्याला आधी सांगितलेले असते, त्यातून हे अंतर वजा करून तो पाण्याची उंची ठरवतो आणि आपणच निवडलेल्या सूत्रात ती घालून प्रवाह दाखवतो. म्हणजे कोरड्या तळाचे अंतर चुकले, की प्रत्येक आकडा चुकतो.

आवर्तन संपून फ्ल्यूम कोरडा पडल्यावर मी पाटकरीमामांना, म्हणजे चारीचे पाणी सांभाळणाऱ्या आमच्या पाटकऱ्यांना, सोबत घेऊन आत उतरलो. सेन्सरच्या तोंडापासून तळापर्यंत ओळंबा सोडून मोजले तर अंतर १२० सेंटिमीटर भरले. कंट्रोलरमध्ये मात्र ११७.५ होते. मार्चमध्ये तंत्रज्ञाने टेप सोडली तेव्हा तळावर रब्बीच्या आवर्तनातला गाळ वाळून कडक झालेला होता, हे मामांना चांगले आठवत होते. त्याने त्या गाळालाच तळ धरले आणि पुढे पाणी आल्यावर तो थर वाहून गेला. अडीच सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण साडेतीस सेंटिमीटर पाण्याऐवजी मीटरला २८ सेंटिमीटर दिसले, की ११३ लिटरचा प्रवाह ९९.५ लिटर होतो, म्हणजे १२ टक्के पाणी हिशेबातून नाहीसे होते. पाणी उथळ असेल तर हीच चूक टक्क्यांत आणखी मोठी होते.

पार्शल फ्ल्यूममध्ये उंची मोजण्याचे शून्य म्हणजे कंठाच्या सुरुवातीची सपाट पातळी असते. फ्ल्यूमच्या आधीच्या चारीचा तळ किंवा कंठातला उतार धरून शून्य ठरवून चालत नाही. म्हणून पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी जसे जोत्याची पातळी काढतात तशी, मी सेन्सरखालच्या तळाची आणि कंठाच्या कडेची पातळी ताडून पाहिली. गेजपट्टीचे शून्यही तपासले, कारण ज्या पट्टीच्या आधारे मी मीटरला दोष देत होतो ती स्वतः खरी आहे का, हे पाहणे माझे कर्तव्य होते. फरक दोन मिलिमीटरच्या आत निघाला. सेन्सरची जागाही मोजली. या आकाराच्या फ्ल्यूममध्ये उंची मोजण्याचा बिंदू कंठाच्या तोंडापासून वरच्या बाजूला, निमुळत्या भिंतीच्या कडेने ३ फुटांवर, म्हणजे भिंतीच्या दोन तृतीयांश लांबीवर येतो. आमचा सेन्सर तेथून हातभर मागे, चारीच्या बाजूला होता. त्याला योग्य जागी, भिंतींच्या बरोबर मध्ये आणले आणि दोन्ही दिशांनी पाणसळ लावून त्याचे तोंड पाण्याला समांतर केले. तोंडापासून तळाचे अंतर पुन्हा १२० सेंटिमीटरच ठेवले.

दुपारच्या तुटीचे कारण मला आवर्तन चालू असतानाच सापडले होते. हवा तापली की ध्वनीचा वेग दर अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. हे भरून काढण्यासाठी सेन्सरच्याच आत तापमापक असतो. पण आमच्या सेन्सरवर सावली नव्हती. दुपारी दोन वाजता सावलीतला तापमापक ३९ अंश दाखवत असताना कंट्रोलरच्या पडद्यावर ५४ अंश होते, कारण तो हवेचे नव्हे तर उन्हात तापलेल्या प्लास्टिकचे तापमान वाचत होता. पंधरा अंशांच्या या फरकाने वेग अडीच टक्के जास्त धरला जातो, ९० सेंटिमीटर अंतरावर सुमारे २३ मिलिमीटरची चूक होते आणि तेवढी उंची कमी दिसते. आधीच्या गाळाच्या चुकीत ती मिळाली, की ४ क्युसेकचे ३.१ क्युसेक कसे होतात याचा हिशेब जुळतो. उपाय साधा होता. पांढरा रंग दिलेला पत्रा सेन्सरच्या वर चार बोटे अंतर सोडून, हवा खेळती राहील असा बसविला. त्यानंतर दोन तापमानांतला फरक दोन अंशांवर आला आणि उंचीतली चूक तीन मिलिमीटरवर.

मग कंट्रोलरमधील प्रत्येक आकडा मी पहिल्यापासून भरला. कोरड्या तळाचे अंतर १.२०० मीटर आणि मोजायची कमाल उंची ०.६०० मीटर घातली. सेन्सरच्या तोंडाजवळचा जो पट्टा तो वाचू शकत नाही, तो आमच्या सेन्सरला ०.३०० मीटर आहे, तोंड १.२० मीटरवर असल्यामुळे पाणी कमाल उंचीला गेले तरी या पट्ट्यात येत नाही. उपकरणाच्या यादीत पार्शल फ्ल्यूमचे तयार आकार होते, तरी मी घातांक १.५२२, कमाल उंची ०.६०० मीटर आणि त्या उंचीचा प्रवाह ३१७.५ लिटर असे स्वतः भरणे पसंत केले, कारण त्यामुळे मीटर आत काय गुणाकार करतो आहे हे मला कागदावर पडताळता येत होते. आकडेवारी साठविणाऱ्या लॉगरकडे ४ ते २० मिलिअँपिअरचा विद्युतसंकेत जातो; ४ म्हणजे शून्य प्रवाह आणि २० म्हणजे कमाल प्रवाह. लॉगरमध्ये २० मिलिअँपिअरला ३०० लिटर लिहिलेले आढळले, तेही ३१७.५ केले. पडद्यावरचा आकडा आणि महिन्याच्या अहवालातला आकडा वेगळे का येतात, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा याच ठिकाणी असते.

दोन गोष्टींवर मी जास्त विचार केला. पहिली म्हणजे किमान प्रवाहाची मर्यादा. दरवाजा बंद असतानाही गळतीचे किंवा साचलेले पाणी फ्ल्यूममध्ये दोन सेंटिमीटर उभे राहिले, तर मीटर सेकंदाला १.८ लिटर, म्हणजे दिवसाला १५५ घनमीटर पाणी संस्थेच्या नावावर चढवत राहतो. म्हणून दोन सेंटिमीटरपर्यंतच्या उंचीला प्रवाह शून्य धरावा अशी मर्यादा घातली आणि ती शाखा कार्यालयाला लेखी कळवली, कारण ही तडजोड आहे आणि ती दोन्ही बाजूंना माहीत असली पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे प्रतिध्वनी हरवल्यास काय करायचे. शेवटचा आकडा अनंत काळ धरून ठेवण्याची सोय मूळ जुळणीत चालू होती, म्हणजे सेन्सरसमोर काही आडवे आले तर न वाहिलेले पाणीही मोजले गेले असते. मी ती मुदत दोन मिनिटांवर आणली आणि त्यानंतर बिघाडाची खूण उमटेल असे ठेवले.

पाणी सोडण्याआधी कोरडी चाचणी घेतली. सपाट फळी १०, २० आणि ३० सेंटिमीटर उंचीच्या ठोकळ्यांवर सेन्सरखाली ठेवली आणि पडद्यावर अनुक्रमे २०.८, ५९.६ आणि ११०.६ लिटर येतात का ते पाहिले. तिन्ही ठिकाणी फरक एका लिटरच्या आत होता. उंची दुप्पट झाली की प्रवाह जवळजवळ तिप्पट होतो, हे फळीवर प्रत्यक्ष पाहिल्यावर मामांनी शून्याच्या चुकीबद्दल पुन्हा प्रश्न विचारला नाही.

दुरुस्तीबद्दल संस्थेच्या बैठकीत मतभेद झाला, तो लपविण्याचे कारण नाही. मीटर कमी दाखवत असेल तर पाणीपट्टी कमी येते, मग तो तसाच का राहू देऊ नये, असे काही जणांनी विचारले. आमचे अध्यक्ष तात्या शांतपणे म्हणाले, “अहो, या मीटरच्या भरवशावर आपण शाखेकडे जादा पाणी मागायला निघालो होतो. ते जादा पाणी आलं असतं कुठून? खालच्या संस्थेच्या वाट्यातूनच ना!” त्यानंतर दुरुस्तीचा ठराव एकमताने झाला आणि शाखेविरुद्धचा अर्ज मागे घेतला गेला. मला स्वतःला या निर्णयाचे समाधान फार मोठे वाटते.

मे महिन्याच्या आवर्तनात कालवा निरीक्षकसाहेबांच्या समक्ष पडताळणी केली. पट्टीवर १ फूट आणि मीटरवर ११२ लिटर होते. फ्ल्यूमच्या खालच्या बाजूचे पाणी शून्य पातळीच्या वर १६ सेंटिमीटर होते, म्हणजे वरच्या उंचीच्या सुमारे ५२ टक्के. या आकाराच्या फ्ल्यूमला ७० टक्क्यांपर्यंत खालच्या पाण्याचा दाब बाधत नाही. ते प्रमाण ओलांडले तर मीटर कितीही अचूक असला तरी खऱ्यापेक्षा जास्त प्रवाह दाखवतो, म्हणून पुढच्या चारीतले गवत आणि शेवाळ काढणे हाही मोजणीचाच भाग आहे. स्वतंत्र खात्री म्हणून अस्तरित चारीच्या सरळ भागात १० मीटर अंतरावर लाकडी तरंगा सोडला. त्याला २५ सेकंद लागले. पृष्ठभागाच्या वेगाला ०.८५ ने गुणून आणि ०.३४ चौरस मीटर छेद धरून ११६ लिटर आले. ही पद्धत ढोबळ असली तरी दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे इतके जवळ आले, तेव्हा निरीक्षकसाहेबांनी आणि मी एकाच पानावर सही केली. चोवीस तासांनी टोटलायझरवर, म्हणजे एकूण वाहिलेल्या पाण्याची बेरीज दाखवणाऱ्या आकड्यावर, ९,७०० घनमीटरच्या आसपास वाढ दिसली. अखंड ४ क्युसेकचे दिवसाला ९,७८६ घनमीटर होतात.

आता प्रत्येक आवर्तनाच्या आदल्या दिवशी मामा फ्ल्यूममधला गाळ खरवडून तळ धुतात. पत्र्याच्या सावलीत कोळी जाळी करतात आणि तिचे धागे प्रतिध्वनीला अडवतात, म्हणून सेन्सरचे तोंड मऊ फडक्याने पुसतात. मग १० सेंटिमीटरचा ठोकळा आणि फळी ठेवून पडद्यावरचा आकडा वहीत लिहितात. त्या वहीत मीटरच्या रकान्याशेजारी गेजपट्टीचा रकाना आहे आणि आवर्तनात दोन्ही रोज सकाळी आठला आणि दुपारी दोनला भरले जातात.