वाळेपर्यंत

जलरंगातलं एक मध्यम आकाराचं चित्र पुरं व्हायला मला दोन तास लागतात. त्यात हात चालतो तो जेमतेम पाऊण तास. उरलेला वेळ मी नुसती बसलेली असते. नाशिकच्या गोदाघाटावर येणारे-जाणारे थांबून बघतात, त्यांना वाटतं बाई विचारात पडलीय. विचार वगैरे काही नसतो. कागद वाळायची वाट बघत असते.

घरात तर हे बसणं लपत नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंना मी चित्रं काढते याचं कौतुक होतं, पण चित्रासमोर हात बांधून बसते याचं कोडं होतं. चार दिवस त्यांनी बघितलं आणि मग लसणाचं ताट आणून पुढ्यात ठेवलं. ‘बसलीच आहेस तर एवढा सोल.’ तेव्हापासून माझ्या पहिल्या आणि दुसऱ्या वॉशच्या मध्ये किती लसूण सोलला गेला, किती मेथी निवडली गेली याला गणती नाही. एकदा प्रदर्शनात एक गृहस्थ नारोशंकराच्या देवळाच्या चित्राजवळ गेले, डोळे मिटून त्यांनी दीर्घ श्वास घेतला. मला वाटलं, झालं, आता हे फोडणीचं काहीतरी बोलणार. ते म्हणाले, ‘काय शांतता आहे हो यात!’

वॉश म्हणजे भरपूर पाण्यात सैल केलेल्या रंगाचा थर. तो दिला की कागद आरशासारखा चमकतो. चमक आहे तोवर दुसरा रंग सोडला तर तो पसरतो. ढगांना, धुक्याला तेच हवं असतं. पूर्ण वाळल्यावर लावला तर धार करकरीत येते. देवळाच्या कळसाला ती हवी. घोटाळा होतो तो मधल्या वेळेत. चमक गेलेली असते, पण कागदाच्या पोटात पाणी असतं. अशा वेळी ओला ब्रश नुसता टेकवला, की नवं पाणी अर्धवट बसलेल्या रंगाला ढकलत नेतं आणि कडेला त्याची झालर उठते. आमच्या क्लासात त्याला फ्लॉवर म्हणतात. फुलातला नव्हे, भाजीतला. ‘मॅडम, माझ्या आकाशात फ्लॉवर आला’ अशी हाक आली की समजायचं, कुणाला तरी दम धरवला नाही.

या मधल्या वेळेला म्हणायचं काय, हे मला बरीच वर्षं पोरांना सांगता येत नव्हतं. पुस्तकात ‘डॅम्प’ लिहिलेलं असतं, पण डॅम्प म्हटल्यावर पोरांना भिंतीची ओल आठवते. मग एका जुलैत दांडीवरचे कपडे चाचपत सासूबाई म्हणाल्या, ‘आंबटओले आहेत अजून, काढू नकोस,’ आणि माझं काम झालं. आंबटओलं! धड ओलं नाही, धड वाळलेलं नाही, आणि घडी घातली तर वास मारणार याची सूचनाही त्या शब्दातच. आपल्याकडे या बाबतीत चैन आहे. चिंब, ओलेतं, ओलसर, दमट, सर्द, आंबटओलं, सुकत आलेलं, वाळलेलं, खडखडीत वाळलेलं. शिवाय कोरडं ते वेगळंच. कोरड्याने पाणी बघितलेलं असेलच असं नाही. वाळलेल्याने बघितलेलं असतं, आणि कागद तर ते लपवतही नाही. एकदा पाणी प्यायलेला कागद वाळला तरी पहिल्यासारखा सपाट होत नाही, जरासं पोट काढतोच.

वाळलंय की नाही हे बघायला बोट लावायचं नाही. बोटाला तेल असतं, घाम असतो, शनिवारी-रविवारी चिवडाही असतो. हाताची मागची बाजू अलगद टेकवायची. गार लागलं तर आत पाणी आहे. उडून जाताना ते कागदाची ऊब घेऊन जात असतं. ही युक्ती मला कलाशिक्षणात कुणी सांगितली असेल तर ती मी विसरले. मला आठवतात त्या गच्चीवर कुरडयांच्या रांगेत उकिडव्या बसून हाताची पाठ टेकवत पुढे सरकणाऱ्या सासूबाई.

एप्रिल लागला की आमच्या गच्चीवर जागेवरून मारामारी. गव्हाच्या चिकाच्या कुरडया, बटाट्याचा कीस, नागलीचे पापड आणि माझे कागद. नागलीचा पापड ओला असताना जवळजवळ बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी असतो, वाळला की त्यावर राखाडी झाक येते. जलरंगाचंही तसंच, वाळला की एक घर फिका पडतो. म्हणून हवा त्यापेक्षा गडद लावावा लागतो, आणि पोरांना नेमकी त्याचीच भीती. ‘मॅडम, फार डार्क झालं.’ थांब जरा. ‘मॅडम, आता फार लाइट झालं.’ म्हणून तर सांगत होते.

कावळे हाकायला काठी घेऊन बसायची पाळी अर्थातच माझ्यावर येते, मी तशीही बसलेलीच असते म्हणून. एकदा डुलकी लागली आणि एक कावळा कुरडया सोडून माझ्या ओल्या चित्रावर उतरला. चित्र रामकुंडाचं. पाण्यावरून तीन पावलं टाकून तो उडून गेला. मी कळवळले. सासूबाई वर आल्या, चित्राकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘रामकुंडावर कावळा शिवला, म्हणजे सुटलं बाई तुझं चित्र.’ ते मी अजून विकलेलं नाही.

मेमध्ये घाटावर सहाला पोचले नाही तर काम संपलं. आठनंतर वॉश कागदाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायच्या आत मागे वाळत येतो आणि आकाशाला पट्टे पडतात. संध्याकाळी वसंत व्याख्यानमालेला गेले की देवमामलेदारांच्या पटांगणावर मागे कुठेतरी बसून वक्त्याचं रेखाटन करते. त्यांचं प्रास्ताविक संपायच्या आत त्यांचा कुडता वाळलेला असतो. थंडीत उलटं. निफाडचा पारा पेपरात यायला लागला की नाशिकच्या सकाळीही कागद रुसून बसतात. मग कागद लावलेला पाट सूर्याकडे तोंड करून पायरीला टेकवायचा आणि चहा प्यायचा. दुसरा चहा प्यायचा.

पण सगळ्यात मोठी फजिती दिवाळी पाडव्याची. नेहरू चौकातल्या पिंपळपारावरची पाडवा पहाट मी सहसा चुकवत नाही. अंधार असतो, गल्लीत माणसाला माणूस लागून बसलेलं असतं, वरून पिंपळ, आणि तानपुरे लागले की सगळा चौक एकदम खालच्या पट्टीत बोलायला लागतो. मी वही काढते. शाई आणि थोडंसं पाणी, एवढंच. त्या वर्षी दव भरपूर होतं हे माझ्या लक्षात आलं नाही. तबलजींचा चेहरा छान साधला होता, समेवर येतानाचा, भुवया वर गेलेल्या. तेवढ्यात टाळ्या झाल्या, मलाही वाजवायच्या होत्या, म्हणून वही मिटली. घरी येऊन उघडली तर डाव्या पानावर एक तबलजी आणि उजव्या पानावर त्यांचाच उलटा जुळा भाऊ. डग्गा-तबल्याची अदलाबदल झालेली. दोघेही समेवरच, हे त्यातल्या त्यात बरं.

क्लासात एवढा धीर कुणाला आहे! हेअर ड्रायर आणलेला आहे, पण तो ओल्या रंगाला पळवतो. एकाने विचारलं, ‘इस्त्री फिरवू का?’ एक मुलगी शेजारणीच्या चित्रावर फुंकर मारून देते, दर चित्राला एक रुपया. आणि आईबाबा? ‘इंटरमिजिएटची तयारी किती महिन्यांत होईल?’ चित्रकलेच्या या सरकारी परीक्षेत ए ग्रेड मिळाली की दहावीला ७ गुण, बी ला ५, सी ला ३. एवढ्या हिशेबावर घराघरांत रंगपेट्या उघडतात. मला पूर्वी याचा राग यायचा. आता येत नाही. रंगपेटी उघडली हे महत्त्वाचं, कशासाठी उघडली ते नंतर बघू. फक्त स्मरणचित्राच्या पेपरात ओल्या कागदावर ओला कागद ठेवून देणारी पोरं बघितली की त्या पाडव्याचे तबलजी आठवतात.

पोरांना घेऊन बाहेर पडायचं तर मी रंगपंचमीची आदली संध्याकाळ निवडते. तेव्हा गर्दी नसते आणि रहाडी उघडलेल्या असतात. रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला दगडी हौद, पेशवाईच्या काळापासूनचा. वर्षभर लाकडी ओंडके आणि माती टाकून बुजवलेला असतो, वरून वाहनं जातात, नव्या माणसाला पत्ता लागत नाही. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला: शनी चौकातली गुलाबी, तिवंध्याची पिवळी. दुसऱ्या दिवशी लोक त्यात धप्पा मारतात. मी पोरांना सांगते, हा बघा आपला पाण्याचा मग. पण खरं बघण्यासारखं असतं ते त्यानंतरच्या सकाळी, जुन्या नाशकातल्या दांड्यांवर. सदरे, बनियन, साड्या. खांद्याशी फिका, खाली येता येता गडद, शिवणीत सगळ्यात गडद, कारण रंग निथळत खाली गेलेला आणि तिथे वाळलेला. असा चढता वॉश शिकवायला मला तीन रविवार लागतात.

सगळंच वाळणं असं बघत बसण्यासारखं नसतं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी सराफ बाजारात शिरलं. एरवी आपण गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पूर मोजतो, गुडघ्यापर्यंत आला, कमरेपर्यंत आला. त्या दिवशी मोजायला काही उरलं नव्हतं. पाणी उतरल्यावर मी पिशवी घेऊन गेले होते. एका दुकानाबाहेर दोरी बांधून पावतीपुस्तकांची पानं चिमट्यांनी वाळत घातली होती. निळी शाई फुटून नावांभोवती ढग झाले होते. रंगांची पिशवी उघडायची लाज वाटली. खराटा मिळाला, तो घेतला.

काळारामाच्या देवळाकडे मात्र मी भर पावसाळ्यातच जाते. सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं हे देऊळ उन्हात काळं दिसतच नाही. करडं दिसतं, तपकिरी दिसतं, सावलीत चक्क जांभळं. पावसात भिजलं की नावाला जागतं. पोरं दारासमोर बसतात. दाराचं प्रमाण चुकलं तर मी फार बोलत नाही, पण दलितांना या दारातून आत जाता यावं म्हणून २ मार्च १९३० ला इथे सत्याग्रह सुरू झाला, ती तारीख चुकलेली मला चालत नाही. काळी ट्यूब क्लासात बंद आहे. अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना एकत्र करायचे, भरपूर पाण्यात, आणि सोडून द्यायचं. अल्ट्रामरीनचे कण जड असतात. पाणी उडत जातं तसे ते कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात, सिएना वर राहतो, आणि त्या दोघांच्या भांडणातून दगड तयार होतो. बघणारे विचारतात, हा खरबरीतपणा कसा काढला? मी नाही काढत. मी लसूण सोलत असते तेव्हा तो येतो.

गेल्या रविवारची गोष्ट. ऊन-पावसाचा खेळ चालला होता म्हणून आम्ही नारोशंकराच्या समोर, आडोशाला बसलो होतो. एका पाचवीतल्या मुलाचं चित्र खरंच चांगलं झालं होतं. घंटा जरा मोठी, देऊळ जरा तिरकं, पण पाणी असं काही उतरलं होतं की मी हेवा केला. तेवढ्यात त्याचे बाबा स्कूटर घेऊन आले. पुढे कुठेतरी जेवायला जायचं होतं.

‘चल, आटप. बॅगेत टाक ते.’

‘बाबा, वाळलं नाहीये.’

‘घरी वाळेल ना.’

पोराने हाताची पाठ कागदाला टेकवली, मान वर केली आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, ‘आंबटओलं आहे.’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. पोराचं बरोबर होतं. मग तो पाटासकट मागे बसला. दोन्ही हातांवर पाट आडवा धरलेला, नैवेद्याचं ताट धरावं तसा, त्यामुळे बाबांना धरायला हात नाही. ‘नीट बस रे,’ बाबा म्हणाले, आणि स्कूटर पायाने ढकलल्यासारखी निघाली. मागून रिक्षावाले हॉर्न मारत होते. मालेगाव स्टँडकडे वळेपर्यंत मी बघत होते. पाट हलला नव्हता.

मग माझ्या लक्षात आलं की बोलण्याच्या नादात माझ्या आकाशाची चमक कधीच गेली होती.