आता बरी आहे ना, मग गोळ्या कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नात, मयतीत, सकाळी फुटाळा तलावावर फिरताना, कुठेही भेटलात की लेकीची चौकशी करता आणि मग तोच प्रश्न, "आता बरी आहे ना भाऊ, मग गोळ्या अजून कशाला?" कुणी किडनीची भीती घालतं, कुणी काढा सुचवतं. मी "डॉक्टर म्हणतील तसं" म्हणून विषय बदलतो. कारण हेच एकदा मीही म्हटलं होतं, आणि नुसतं म्हणून थांबलो नव्हतो.

तिला बायपोलर आहे, मन कधी फार वर चढतं तर कधी फार खाली जातं तो आजार, हे तुम्हाला ठाऊकच आहे. लिथियमच्या गोळ्यांवर दोन वर्षं घर शांत होतं, ती नोकरीला जात होती. फक्त हात थरथरायचा. या औषधाने तसं होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मार्चमध्ये अमरावतीहून पाहुणे यायचे ठरले. आठवडाभर आधी ती स्वयंपाकघरात ट्रे धरून पाहत होती आणि कपबशा वाजत होत्या. तो आवाज मला ऐकवला नाही. मी म्हणालो, "पाहुणे जाईस्तोवर गोळ्या बंद ठेव."

"बाबा, डॉक्टरांना विचारलं?"

मी हो म्हणालो. तिच्या आईलाही तेच सांगितलं.

पाहुण्यांना आजाराचं सांगणार होतो, पण पसंती आल्यावर. पाहुणे आले, हात स्थिर राहिला, पोरगी छान हसली-बोलली. निरोप यायचा होता, म्हणून गोळ्या पुढेही सुरू केल्या नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात तिची झोप उडाली. रात्री दोनला भांडी घासायची, ऑफिसमधल्या सगळ्यांसाठी साड्या घेऊन आली. आम्ही म्हणालो, उत्साह आहे. मग एका पहाटे स्कूटी जागेवर नव्हती. सापडली ती फुटाळ्यालाच, जिथे तुम्ही मला थांबवून विचारता. पायांत चपला नव्हत्या. हातातल्या बांगड्या तिने चहावालीला देऊन टाकल्या होत्या. त्या बाईने त्या पदराला बांधून ठेवल्या होत्या. मी दिसताच गाठ सोडून माझ्या हातात दिल्या. लेक माझ्याकडे पाहून हसत होती. "बाबा, मला सगळं कळून राहिलं. तुम्ही डॉक्टरांना विचारलंच नव्हतं ना?"

त्याच दिवशी ती नको नको म्हणत असताना मी दवाखान्यात भरतीच्या अर्जावर सही केली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी भरती आधी ३० दिवसांपर्यंतच करता येते. ती २३ व्या दिवशी घरी आली. हे २३ दिवस मी कुणाला सांगितलेले नाहीत, इथेही सांगणार नाही.

लिथियम एकदम बंद केलं की आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे मला माहीत नव्हतं असं मी बरेच दिवस म्हणत राहिलो. खरं म्हणजे विचारलं असतं तर डॉक्टर नाही म्हणाले असते, म्हणूनच विचारलं नाही. पण तुमच्या लेकीच्या हातातल्या कपबशा तशा वाजल्या असत्या तर तुम्ही काय केलं असतं, हेही एकदा सांगा.

किडनीचं तुम्ही खोटं बोलत नाही. म्हणूनच ठरावीक महिन्यांनी किडनीची आणि थायरॉइडची तपासणी होते. आपला मे महिना तर वेगळाच धाक. घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. तिच्या पिशवीत पाण्याची बाटली आहे की नाही हे मी पाहतो, आणि डोकं दुखलं म्हणून कुणी हातावर ठेवलेली गोळी घेऊ देत नाही. ती चिडते.

परवा म्हणाली, "बाबा, पण त्या दिवसांत मी खुश होती ना?" होती. मी पाहिलं होतं. मला काही बोलता आलं नाही.

उद्या रक्त द्यायचं आहे. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यावं लागतं. तिने रात्री नऊला गोळी घेतली, मी घड्याळ पाहिलं. सकाळी नऊला आम्ही लॅबमध्ये असू. तेव्हा फुटाळ्यावर दिसलो नाही, तर त्यासाठी.