बाणकोटच्या खाडीत कयाकवरून गरवताना

पुण्यातून खाडीत गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, निघायचं तर कालनिर्णयात आधी तिथी बघायची, मग रविवार. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हिशोब ढोबळच, शिवाय खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, म्हणून जवळच्या बंदराच्या तक्त्याशी तो ताडून घेतो. कयाकसाठी (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) मला एकादशी ते त्रयोदशी सगळ्यात सोयीची वाटते. सकाळी सातला चढत्या पाण्याबरोबर वर जायचं, नऊच्या आसपास पाणी थबकतं, मग ओहोटीबरोबर गरवत परत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ इतकी की कयाक एका जागी ठरत नाही. अष्टमी-नवमीच्या भांगाला (कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत) उलट पाणी मंद, आणि पाणी चाललं नाही तर मासाही खायला निघत नाही.

पावसाळ्यात जायचंच नाही. नंतरही पाणी निवळायला ऑक्टोबर उजाडतो, तिथून मार्चपर्यंतचा काळ चांगला.

मी सावित्रीच्या बाणकोट खाडीला जातो. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला आदल्या संध्याकाळीच पोचलेलं बरं. टपावर कयाक बांधून रात्री घाट उतरण्यात शहाणपण नाही. कयाक पालथी ठेवून दोन रुंद पट्टे आणि पुढच्या टोकाला एक दोरी. उन्हात प्लॅस्टिक मऊ पडतं, पट्टे ढिले होतात, म्हणून माणगावला थांबून पुन्हा आवळायचे. पण करकचून नाही, नाहीतर तळाला कायमचा पोचा येतो.

पाण्यात उतरण्याआधी धक्क्यावर कुणीतरी असतंच. “मामा, जाळी कुठं लावलीत?” हे विचारल्याशिवाय मी वल्हं हातात घेत नाही. खुंट मारून लावलेल्या जाळ्यावर प्रवाह कयाकला आडवी नेऊन दाबतो, ती कलंडते आणि माणूस जाळ्यात अडकतो. खाडीतला सगळ्यात मोठा धोका मी हाच धरतो. वेसवी-बागमांडला फेरीबोटीच्या वाटेतही रेंगाळायचं नाही. मुखाकडे, हरिहरेश्वर आणि बाणकोट किल्ल्याच्या मधल्या वाळूच्या पट्ट्यावर, लाटा फुटतात. ओहोटी तिकडेच ओढते, म्हणून सुरुवात नेहमी वरच्या दिशेने. तीन-चार किलोमीटर पुरे. फार वर, महाडकडे, सावित्रीत मगरींचा वावर आहे, तिथे कयाकचं काम नाही.

परतीची वेळ वारा ठरवतो. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा हलका असतो. अकरा-साडेअकराला पश्चिमेचा खारा वारा उठतो. खाली धावणारी ओहोटी आणि तिच्या तोंडावर येणारा वारा एकत्र आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, पाणी थेट मांडीवर येतं. एरवी अर्ध्या तासाचं अंतर मग दीड तास खातं. उशीर झाला तर काठाचा चिखलही उघडा पडतो आणि गुडघाभर गाळातून तीस किलोची कयाक ओढावी लागते. म्हणून पावणेबाराला मी काठावर असतो, मासा लागत असला तरीही.

कयाक दहा ते बारा फुटी, वर बसायची, आपोआप पाणी निघून जाणाऱ्या भोकांची. लाइफ जॅकेट अंगावर, त्याला शिटी आणि छोटी सुरी. वल्ह्याला दोरी. उलटल्यावर पाण्यातून पुन्हा वर चढता येणं ही किमान पात्रता. ते आधी पवनेसारख्या शांत पाण्यात, जिथे कयाक चालवू देतात तिथे, सोबत माणूस ठेवून घटवायचं.

नांगरावर मात्र सविस्तर बोललं पाहिजे. चार पाकळ्यांचा दीड किलोचा घडीचा नांगर आणि पंधरा मीटर दोरी: चार मीटर पाण्याला पुरते. दोरी नांगराच्या वरच्या कडीला बांधतात तिथेच घोळ होतो, कारण तिवरांच्या (खाडीकाठच्या खारफुटीच्या) मुळांत पाकळी अडकली की सुटत नाही. मी दोरी खालच्या टोकाला, पाकळ्यांच्या बुडाशी बांधतो, तशीच दांड्यावरून वर आणतो आणि वरच्या कडीला नुसत्या प्लॅस्टिकच्या झिप-टायने अडकवतो. अडकला तर जोराचा हिसका द्यायचा. झिप-टाय तुटते, ओढ बुडाकडून बसते आणि नांगर उलटा निघून येतो. दोरी नेहमी कयाकच्या टोकाला, बाजूला कधीच नाही. बाजूला बांधली तर प्रवाहात ती कड खाली दबते आणि पाणी आत. दोरीच्या दुसऱ्या टोकाला तरंगता बोया हवा, म्हणजे वेळ पडली तर सगळं सोडून निघता येतं.

आता मासा. भरतीला बोय (छोटे मासे) आणि कोळंबी तिवरांत शिरतात; ओहोटी लागली की ओहळांतून बाहेर पडतात आणि जिताडा त्या तोंडाशी टपून असतो. ओहोटीचे पहिले दोन तास तिथेच घालवायचे, ओहळापासून पंधरा-वीस मीटरवर नांगरून. सात फुटी रॉड, तीन-चार हजार मापाचं रीळ, वीस पौंडी ब्रेड (विणलेला दोरा), पुढे तीन फूट चाळीस पौंडी लीडर (गळाजवळचा जाड दोरा). लीडर हवाच, जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते, नुसता ब्रेड एका झटक्यात कापते. जिवंत कोळंबी २/० च्या सर्कल गळावर (टोक आत वळलेला गळ), किंवा चार इंची उथळ बुडणारा लूर (नकली आमिष). सर्कल गळाला हिसका मारायचा नाही, दोरा ताणत न्यायचा. गळ स्वतःच जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. रिळाचा ड्रॅग (किती ओढीला दोरा सुटेल ती पकड) दोन-अडीच किलोवर. जिताडा उडी मारतो तेव्हा रॉडचं टोक खाली करून दोरा किंचित सैल द्यायचा, नाहीतर डोकं झटकून तो गळ फेकतो. तांबोशी या माशाचं उलटं: पहिल्याच दमात ती मुळांकडे पळते, तिला सैल दिलं की गेली.

शेंगाळा लागला तर हात लावायचा नाही. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे विषारी. पकडीने गळ काढून सोडायचा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-एक तास बुडवल्याने वेदना उतरतात. त्यासाठी गाडीत थर्मास भरून ठेवतो. त्यानंतरही दवाखाना टाळायचा नाही.

मोठा जिताडा मी ठेवत नाही. हा मासा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणजे सगळ्यात मोठे मासे अंडी देणारे, आणि ते उचलत राहिलो तर या खाड्यांत जिताडा उरणार नाही. फोटोसाठी लटकवायचा नाही, प्रवाहाकडे तोंड करून धरायचा, शेपूट जोरात मारली की सोडायचा. घरी नेण्यापुरता मध्यम मासा तिथेच कल्ले कापून, रक्त काढून, बर्फ आणि खारं पाणी कालवलेल्या पेटीत. वजनाइतका बर्फ घेतला तर पुण्यापर्यंत डोळा काचेसारखा राहतो.

त्याच रात्री धुणं. कयाकची झाकणं उघडून गोडं पाणी, ती वाहून नेण्याच्या ट्रॉलीच्या चाकांतली वाळू काढायची. रिळावर नळाची धार मारायची नाही, मीठ आत बेअरिंगपर्यंत जातं; ड्रॅग आवळून हलका शिडकावा, कापडाने पुसायचं आणि मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवायचा.