श्रीखंडाचे रिकामे डबे टाकू नका, मला द्या

गेलं दीडेक वर्ष मी रविवारी सकाळी पुण्याबाहेरच्या एका शेल्टरला जातेय. आधी माझी समजूत अशी की कुत्र्यांना काय हवं, पोटभर जेवण, औषधपाणी आणि थोडे लाड. आपण गेलो की सगळी एकदम भुंकायला लागायची आणि मला वाटायचं, बघा किती आनंद झालाय. कसला आनंद, कंटाळून डोकं फिरलेलं असायचं बिचाऱ्यांचं!

गल्लीतलं कुत्रं दिवसभर किती उद्योग करतं बघा ना, कचराकुंडी, टपरीवरची बिस्किटं, प्रत्येक स्कूटरचं टायर हुंगायचं, शेजारच्या गल्लीशी हद्दीवरून भांडायचं. त्यालाच पिंजऱ्यात ठेवून पुढे ताटली सरकवली की जेवण दोन मिनिटांत संपतं, मग उरलेला दिवस करायचं काय त्याने? २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा असा सुप्रीम कोर्टाचा आदेश आला (अकरा दिवसांनी बदलला, बरं झालं) तेव्हा जो तो शेल्टर शेल्टर करत होता, पण आत गेल्यावर कुत्रं दिवसभर काय करणार हे कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

आमचा बबल्या नुसता गोल फिरायचा. इतका, की भिंतीला एका उंचीवर त्याच्या अंगाचा काळपट पट्टा उमटला होता. त्याला एकदा पुठ्ठ्याचा खोका दिला, पिना आणि सेलोटेप काढून, आत पेपरचे बोळे आणि त्यात रोजचंच खाणं लपवलेलं. आधी लांब उभा राहिला, मग मागून फेरी मारून आला, मग नाक आत आणि शेपटी वर, आणि जे सुरू झालं ते वीस मिनिटं. पेपरचा पार भुगा, आणि त्याच भुग्यावर पठ्ठ्या आडवा होऊन घोरायला लागला. मी तिथेच फरशीवर बसून राहिले.

तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय की यांना खेळणी नकोत, नाकाला काम हवं. महागडी पझल फीडर (खाणं आत लपवलेली कोडी) वगैरे फोटोत छान दिसतात, आमच्याकडे अंड्याचे ट्रे आणि जुन्या टीशर्टच्या चिंध्या चालतात. उन्हाळ्यात श्रीखंडाच्या डब्यात बिनमिठाचं ताक नाहीतर चिकनचं आळणी पाणी गोठवायचं आणि तो गोळा काढून द्यायचा, अर्धा तास चाटत बसतात. फक्त चिकन उकडताना कांदा-लसूण अजिबात नाही, कुत्र्यांना ते बाधतं.

घोटाळेही केलेत. एका पिंजऱ्यात तिघं होती तिथे मी शहाणपणाने एकच खोका ठेवला आणि अशी जुंपली की एकाच्या कानाला टाके पडले. आता प्रत्येकाला वेगवेगळं ठेवूनच देतो. दुसऱ्यांदा गावाहून गोठ्यातलं पोतं आणलं, वासाने कुत्री अक्षरशः वेडी झाली, मीही खूश, आणि पुढच्या आठवड्यात गोचिड्याच गोचिड्या! डॉक्टरांनी मला जे झापलंय, विचारू नका.

गाण्यांचाही प्रयोग झाला. ग्लासगो विद्यापीठाच्या लोकांनी स्कॉटलंडमधल्या शेल्टरच्या कुत्र्यांना तऱ्हेतऱ्हेचं संगीत ऐकवलं होतं, २०१७ मध्ये ते छापून आलं, त्यात सॉफ्ट रॉक आणि रेगेने कुत्री जास्त निवांत झाली म्हणे. मी मोबाईलवर रेगे लावलं तर झाडू मारणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, हे काय लावलंय, माझंच डोकं उठलं." आता त्यांचा रेडिओ चालतो, पण दिवसभर नाही, कारण रोज तेच तेच ऐकून कुत्र्यांनाही त्याचं काही वाटेनासं होतं.

तर, अर्ध्या किलोचे डबे जास्त चालतील. धुऊन द्या, आणि झाकणं तुमच्याकडेच ठेवा, आमच्याकडे एक बाई आहे ती झाकणं खाते. बाई म्हणजे कुत्रीच.