हिंग किती, पीठ किती

मोहरी तडतडली की हिंगाची डबी तेलावर ठोकायची, हे काम हात आपोआप करतो. मध्ये कधीतरी, आमटी उकळेपर्यंत दुसरा उद्योग नव्हता म्हणून, डबीच्या मागची बारीक अक्षरं वाचली. घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. माझ्या डबीवर पहिला मान डिंकाचा, दुसरा गव्हाच्या पिठाचा आणि त्यानंतर हिंग. म्हणजे दारावर पाटी हिंगाची, पण घरात राहतात डिंक आणि पीठ!

याला भेसळ म्हणता येत नाही. हिंग हा मुळात चीक. धने, जिरं, ओवा, बडीशेप यांच्याच कुळातलं हे झाड इराण-अफगाणिस्तानच्या कोरड्या डोंगराळ भागात वाढतं. चार-पाच वर्षांचं झालं की माती बाजूला करून त्याच्या जाड मुळाला चीर देतात. दुधासारखा चीक पाझरतो, वाळला की तो खरवडायचा आणि पुन्हा नवी चीर. हा चीक इतका उग्र असतो की अंदाज चुकला तर आख्खं पातेलं वाया जाईल. म्हणून तो पीठ आणि डिंकात मळून, वाळवून विकतात. हा बांधणीचा हिंग. उत्तर प्रदेशातल्या हाथरसचा तर हा पिढीजात धंदा आहे; २०२३ मध्ये तिथल्या हिंगाला भौगोलिक मानांकनही मिळालं. यात घालायचा अरबी डिंक बहुतेक सुदानकडून येतो. इराणी-अफगाणी चीक आणि आफ्रिकेतला डिंक एकत्र तेलात पडतात, आणि आपण म्हणतो, वा, काय घरगुती चव आहे!

थोड्या हिंगात पुष्कळ दिवस काढायची युक्ती रोमन लोकांकडेही होती. त्यांचा खरा जीव सिल्फियम नावाच्या वनस्पतीवर. ती आजच्या लिबियात उगवायची, आणि पुढे ती संपलीच. प्लिनी हा रोमन लेखक लिहितो की त्याच्या आठवणीत एकच दांडा सापडला, तो नीरो बादशहाला नजराणा म्हणून गेला. मग इराणकडच्या हिंगावर भागवणं आलं. तो महाग, म्हणून काचेच्या बरणीत चिलगोज्यासारख्या वीस बियांबरोबर ठेवायचा. स्वयंपाकात वास मुरलेल्या बिया कुटून घालायच्या, आणि बरणीत तेवढ्याच नव्या टाकायच्या. मला ही रीत आपल्या पिठापेक्षा जास्त आवडली. पुढे युरोपच्या स्वयंपाकघरातून हिंग जवळजवळ हद्दपार झाला. आज तिकडे त्याला कोणी हिंग लावून विचारत नाही.

आपल्याकडे मात्र त्याला सगळीकडे शिरकाव. कांदा-लसूण न खाणाऱ्यांच्या घरी तर तोच आधार, कारण त्याच्या वासातही कांदा-लसणासारखी गंधकाची संयुगं असतात. तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की बेंबीभोवती हिंगाचं पाणी, मोठ्यांना हिंगाष्टक. आणि लोणच्याची बरणी! धुऊन, कडकडीत उन्हात वाळवून झाली, की निखाऱ्यावर हिंग टाकून त्यावर ती उपडी धरायची. या धुरीला खडा हिंगच हवा, डबीतली पूड घातली तर आधी पीठ करपल्याचा वास येतो. धुरी दिलेलं लोणचं नुसत्या भाताबरोबर खाल्लं की फरक कळतो. उपासाच्या फोडणीत आमच्याकडे जिरं चालतं, हिंग नाही. डबीतलं पीठ पाहता ते रास्तच आहे.

इतकी शतकं खाऊनही हा हिंग आपण पिकवत नव्हतो. पालमपूरच्या संशोधन संस्थेने इराणहून आलेल्या बियांची रोपं करून ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचलातल्या लाहौलच्या क्वारिंग गावात पहिलं रोप लावलं. तेव्हा वर्षाला सुमारे १२०० टन कच्चा हिंग आयात होतो, असं सांगितलं गेलं. लाहौलचा चीक उद्या मुबलक आला तरी त्यात पीठ मळावंच लागेल. गहू आपल्याकडे आहेच. डिंकाचं मात्र सुदानशी जमवून घ्यावं लागेल.