क्लेरिकची माळ ओवायला सोलापूरला

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ. त्याच्या आमच्या कंपूत क्लेरिकने, म्हणजे देवाच्या शक्तीने जादू करणाऱ्या पुजारी पात्राने, जपमाळ बनवायला घेतली आणि खेळाची मजाच गेली. पाचव्या आवृत्तीत ‘नेकलेस ऑफ प्रेयर बीड्स’ ही दुर्मीळ वर्गातली वस्तू आहे. ती घडवायला १० कामाचे आठवडे लागतात, म्हणजे पाच दिवसांच्या हिशेबाने ५० दिवस, आणि २,००० सोन्याची नाणी. डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) म्हणणार, “गेले ५० दिवस.” क्लेरिक कागदावरची नाणी खोडणार. झाली माळ! राक्षस मारायला आपण दोन-दोन तास घालवतो आणि आयुष्यभर गळ्यात राहणारी वस्तू अर्ध्या मिनिटात उरकतो. मग ठरलं, मणी खरोखर कोरून बघायचे आणि हाताला जे कळेल ते खेळात घालायचं. कंपूतला एक जण सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी पूर्वी माग होते. पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली आणि निघालो.

पहिला मुक्काम सिद्धेश्वर मंदिर. तलावाच्या मधोमध मंदिर, शेजारी भुईकोट किल्ला. सकाळी लवकर जा. उन्हाळ्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो आणि नऊनंतर फरशीवर पाय टेकवत नाहीत. सोमवारी गर्दी असते. मंदिराबाहेरच्या दुकानांत विभूती, रुद्राक्ष, माळा सगळं मिळतं. मी एका दुकानात विचारलं, “काका, कोरीव मणी आहेत का?” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कोरीव पाहिजे का खरा पाहिजे?”

प्रश्न बरोबर होता. रुद्राक्षाच्या बाजारात कोरणं म्हणजे लबाडी. रुद्राक्षावरच्या उभ्या रेघा, म्हणजे मुखं, बीजाबरोबरच येतात. पंचमुखी मुबलक, जास्त मुखांचा महाग. म्हणून स्वस्त मण्यावर एखादी जास्तीची रेघ कोरून तो महागात विकण्याचा उद्योग चालतो. काकांनी भिंग हातात दिलं आणि दाखवलं: खरी रेघ एका टोकाच्या भोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाते आणि तिच्या कडा खडबडीत असतात, कोरलेल्या रेघेचा तळ गुळगुळीत दिसतो. पाण्यात बुडला म्हणजे खरा, या चाचणीवर मात्र विसंबू नका. जड लाकूडही बुडतं. खेळासाठी इथेच आम्हाला पहिला धागा सापडला. आमच्या क्लेरिकला आता बाजारात कोणीतरी बनावट मणी विकणार आहे आणि ओळखायला भिंगच लागेल, जादू नाही.

पंढरपूर ७५ किलोमीटरच्या आसपास, एसटी सतत असतात. एकादशी सोडून कुठलाही दिवस निवडा. तुळशीच्या माळा बनवण्याचं काम तिथे काशीकापडी समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. वाळलेली काडी तोडायची, भोक पाडायचं, कातून गोल करायची. बघायला दहा मिनिटं थांबाल तर तास कधी गेला कळणार नाही. पण एक स्पष्ट सांगतो: तुळशीची माळ खेळासाठी घेऊ नका. वारकरी ती नेम म्हणून घालतो. फासे, चिप्सचं पाकीट आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांच्या गराड्यात ती ठेवायची वस्तू नाही. शिवाय मणी इतका बारीक की नवशिक्याच्या सुरीखाली चिरतोच.

आमच्यासाठी साधे लाकडी गोल मणी बरे, १२ ते १५ मिलिमीटरचे. ते येतानाच घेऊन या, सोलापुरात शोधत बसू नका. कोरताना बोटात धरलात तर बोट जाईल. उदबत्ती जळून उरलेली काडी भोकात घट्ट बसवा, कमी पडली तर भोवती कागद गुंडाळा. मणी फिरवायला मूठ तयार होते. आधी पेन्सिलने नक्षी, मग सुरीच्या टोकाने नुसती रेघ, आणि त्यानंतरच लाकूड काढायचं. भोकाच्या तोंडाशी नक्षी नेऊ नका, तिथे लाकडाच्या रेषा उभ्या असतात, कपची उडते. शेवटी बारीक कानस. एका मण्याला आमच्यातल्या सर्वांत सफाईदार माणसालाही पाऊण तास लागला, तेव्हा ५० दिवसांचा नियम एकदम उदार वाटायला लागला.

सोलापूर गाठायचं खरं कारण दोरा. खेळातल्या माळेत जादूचे मणी ३ ते ६ असतात (चार बाजूंच्या फाशावरचा आकडा अधिक २), बाकी साधे. आणि नियम असा की जादूचा मणी माळेतून काढला की त्याची जादू जाते. म्हणजे सगळी शक्ती ओवण्यात आहे, पण खेळाडू दोऱ्याकडे ढुंकून बघत नाहीत. मित्राचे काका आयुष्यभर मागावर होते. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, खाली गल्लीत कन्नड, हे सोलापूर. त्यांनी आमचा रंगीत नायलॉन बघून हात झटकला आणि सुताची कांडी आणली. तुटलेला धागा सांधायची विणकरी गाठ त्यांनी दोन बोटांत घातली, टोक दातांनी तोडलं, आणि गाठ मण्याच्या भोकातून अडखळल्याशिवाय पार गेली. आम्ही घातलेली गाठ भोकाच्या तोंडाशीच अडून बसायची.

हिशेब आधी करा. ८ मिलिमीटरचे १०८ मणी नुसते खेटून लावले तरी ८६ सेंटिमीटर होतात. प्रत्येक दोन मण्यांमध्ये गाठ मारलीत की मीटरच्या पुढे. गाठ मारावीच; तुटली तर एखादा मणी पडतो, सगळे सोफ्याखाली जात नाहीत. कोरीव मोठे मणी २७ पुरेत, १०८ चा हट्ट नको. गाठ मण्याला टेकवायला सुई फासात घालून ओढत न्या. आणि ओवताना शेंगा चटणी लांब ठेवा. कडक भाकरीबरोबर ती ताटात आली की हात आवरत नाही, आणि त्या तेलाचा तांबडा डाग सुतातून निघत नाही. आधी जेवा, साबणाने हात धुवा, मग बसा.

चमक आणायला जवसाचं तेल. शेंगदाण्याचं वाळत नाही, चिकट राहून धूळ धरतं. जवसाचं वाळतं, पण काही दिवस घेतं. त्यामुळे मणी शनिवारी कोरून रविवारी ओवायचा बेत करू नका. तेलाचं फडकं चुरगाळून टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा.

तेलावरूनच डीएमला पुढचं सुचलं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात ६८ लिंगं स्थापली. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज निघतात आणि या लिंगांना तैलाभिषेक होतो. आमच्या खेळातल्या गावात आता ५० दिवस मोजायचे नाहीत. गावाभोवतीची ठाणी फिरायची, प्रत्येक ठाण्याला एक मणी तेलात भिजवायचा, आणि कुठला मणी काय देतो ते तिथेच वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं: १ ते ६ आशीर्वाद, ७ ते १२ उपचार, १३ ते १६ मोठी कृपा, १७-१८ प्रहार, १९ ला दैवी दूताला हाक, २० ला वाऱ्यावर चालणं. मूळ तक्ता तोच ठेवलाय. देवांची नावं आणि विधी मात्र आम्ही आमच्या कल्पनेतले घेतले, गावातला देव फाशावर लावायचा नाही हे मित्राच्या काकांसमोरच ठरलं.

यात्रेच्या दिवसांत जाणार असाल तर लॉज आधी ठरवा आणि कोरायचं सामान घरी ठेवा. होम मैदानावरच्या गर्दीत सुरी खिशात घेऊन फिरणं बरं नाही. नुसतं कोरायला यायचं तर डिसेंबर उत्तम. हुरडाही मिळतो आणि माडीवर दुपारभर बसता येतं. परतीच्या गाडीत आमची क्लेरिक पहिल्या ठाण्याचा फासा टाकायला उतावीळ झाली होती. दौंडच्या आधीच टाकला, ४ आला. आशीर्वाद.